रिमोटने (कॉम्प्युटरवरून) पल्स जनरेटर, म्हणजे ठरावीक वेळाने विजेचे पल्स सोडणारं यंत्र, प्रोग्राम करताना टायमिंग एरर येतो. दोन कमांडमध्ये किती डिले ठेवावा?

डिलेचं नंतर बघू. आधी एररचा नंबर वाचा. उणे २२१, म्हणजे ‘सेटिंग्ज कॉन्फ्लिक्ट’ असेल, तर डिलेचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. याच मुद्द्यावर मी माझ्या साहेबांशी अख्खा उन्हाळा वाद घातलाय.

तेव्हा हिंगणा एमआयडीसीतल्या एका टेस्ट लॅबमध्ये होतो. गेट ड्रायव्हर (पॉवर ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या) कार्डांची टेस्टिंग, जनरेटर जीपीआयबीवर, म्हणजे उपकरणं कॉम्प्युटरला जोडणाऱ्या बसवर. पिरियड (एका पल्सच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ) १ मिलिसेकंदावरून १०० मायक्रोसेकंदांवर आणला की एरर. स्क्रिप्टमध्ये आधी पिरियड, मग विड्थ, म्हणजे पल्स किती वेळ चालू राहतो ते. आता जनरेटरमध्ये जुनी विड्थ ५०० मायक्रोसेकंद तशीच बसलेली. पाचशेचा पल्स शंभरात मावणार कसा? पुढच्या ओळीत २० ची विड्थ येतेय, हे त्याला कसं कळणार? साहेबांचं एकच, “मशीनला दम खाऊ दे बे, डिले वाढव.” वाढवला. एरर जागचा हलला नाही. मग म्हणे, “मे महिना आहे, उन्हानं क्लॉक सरकून राहिला.” अहो, नागपूरचा पारा ४५ वर गेला तरी क्लॉकमधला क्वार्ट्झ क्रिस्टल सरकतो तो दहा लाखांत काही भाग. तेवढ्याने पल्स पिरियडच्या बाहेर पडत नाही. मी त्या दोन ओळींची अदलाबदल केली आणि एरर थांबला. तरीही डिले काही काढू दिला नाही, प्रत्येक पायरीला वेळ वाया जातच राहिला.

तर, पिरियड कमी करताना आधी विड्थ, वाढवताना आधी पिरियड. पल्सला लीडिंग डिले (पिरियड सुरू झाल्यावर पल्स उशिरा सोडणं, कमांडमधला डिले नव्हे) दिला असेल तर तो अधिक विड्थ पिरियडमध्ये बसली पाहिजे, एजलाही (पल्सच्या चढ-उताराला) जागा लागते. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही कमांड अर्धविरामाने जोडून एकाच मेसेजमध्ये पाठवा. आयईईई ४८८.२ (अशा कमांडचं मानक) नीट पाळणारं इन्स्ट्रुमेंट कॉन्फ्लिक्ट मेसेज संपल्यावर तपासतं. ड्युटी सायकल (पिरियडचा किती टक्के वेळ पल्स चालू) ठरलेली असेल तर विड्थऐवजी तीच सेट करा.

आणि एरर रांगेत साठतात, सर्वांत जुना आधी बाहेर येतो. शून्य, म्हणजे ‘एरर नाही’, मिळेपर्यंत वाचत राहा. आमची स्क्रिप्ट दर पायरीला एकच वाचायची, त्यामुळे मागचा एरर पुढच्या बरोबर कमांडच्या माथी लागायचा. साहेबांचा ‘मशीन स्लो आहे’ हा समज त्यातूनच पक्का झाला.

हो, काही जनरेटर विड्थ स्वतःच कमी करून घेतात आणि वर २२१ ही टाकतात. म्हणून सेट केल्यावर विड्थ परत विचारून बघा. जुनी मॉडेल्स प्रत्येक कमांड लगेच तपासतात, तिथे अर्धविराम कामाचा नाही, क्रमच पाळावा लागतो. रिसेट किंवा सेल्फ टेस्टला खरोखर वेळ लागतो, पण तिथेही आंधळा डिले नको, ओपीसी क्वेरी (‘काम संपलं का’ हा प्रश्न) पाठवून उत्तराची वाट बघा.

तुमचा एरर नंबर कमेंटमध्ये टाका. २२१ निघाला तर डिलेच्या ओळी आजच उडवा, साहेब काहीही म्हणोत.