रोड टॅक्स भरूनही टोल का? राज्य सरकार हायवेसाठी पैसे आणतं कुठून?

तुम्ही विचारलंय की गाडी घेताना रोड टॅक्स भरला, पेट्रोलवर रोज भरतोय, मग हायवेचे पैसे परत आपल्याकडूनच का. मी रस्त्याची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे बिलांचं बघतो, त्यामुळे महाराष्ट्रापुरतं सांगतो.

रोड टॅक्स रस्त्यासाठी बाजूला ठेवलेला नसतो. तो राज्याच्या एकत्रित निधीत जातो, तिथून आधी पगार, पेन्शन, जुन्या कर्जाचं व्याज, आणि मग उरलं तर रस्ते. पेट्रोल-डिझेलवर केंद्राचा सेस आहे, त्यातला काही वाटा राज्यांना मिळतो. गावाकडच्या रस्त्यांना नाबार्डचं कर्ज असतं. नॅशनल हायवे केंद्राचे, ते या हिशोबात धरू नका.

बजेटमधून होणाऱ्या कामाची गंमत अशी नाही की मंजूर झालं म्हणजे पैसे आले. कामाची किंमत समजा दहा कोटी, तर पहिल्या वर्षी बजेटला थोडीशीच तरतूद लागते, वर्कऑर्डर मात्र पूर्ण कामाची निघते, मग एमबी म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाची वही लिहून होते, बिल तयार असतं आणि निधी आलेला नसतो, पुरवणी मागण्यांची (बजेटनंतर वर्षाच्या मध्ये मंजूर होणाऱ्या जादा निधीची) किंवा मार्चअखेरची वाट बघायची, तोपर्यंत डांबराचे आणि डिझेलचे पैसे ठेकेदार व्याजाने उचलतो. ते व्याज पुढच्या टेंडरच्या रेटमध्ये येतंच. म्हणजे उशिराचा खर्चही शेवटी सरकारच भरतं.

मोठे हायवे यात बसूच शकत नाहीत म्हणून 1996 ला एमएसआरडीसी, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळ, काढली. हे महामंडळ स्वतःच्या नावावर कर्ज काढतं आणि टोलमधून फेडतं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे असाच झाला, आणि 2004 ला त्याची 15 वर्षांची टोलवसुली खासगी कंपनीला देऊन 918 कोटी एकरकमी घेतले. पुढच्या वेळी, 2030 पर्यंतच्या वसुलीसाठी, ती रक्कम एकूण 8,262 कोटी झाली, फक्त ती टप्प्याटप्प्याने घेतली. म्हणजे उद्याचा टोल आज विकायचा.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, मंजूर खर्च साधारण 55 हजार कोटी. निम्म्याच्या आसपास बँकांचं कर्ज, शिवाय सिडको, म्हाडा, एमआयडीसी, एमएमआरडीए अशा सरकारी संस्थांकडून पैसे घेतले, बाकी राज्याचा वाटा. आणखी एक पद्धत हायब्रीड अ‍ॅन्युइटी, त्यात काम चालू असताना सरकार 60 टक्के देतं, उरलेले 40 ठेकेदार घालतो आणि ते त्याला 10 वर्षांत हप्त्याने मिळतात. या रस्त्यांवर टोल नसला तरी हप्ता दरवर्षी बजेटमधून जातोच, त्यामुळे नवीन कामाला तेवढे पैसे कमी.

टोल माफीचंही तेच. 2015 ला राज्याने 12 नाके बंद केले आणि 53 नाक्यांवर कार आणि एसटीला सूट दिली, लोक खूश झाले, मीही झालो. पण करार मोडला की भरपाई द्यावी लागते आणि ती तिजोरीतून जाते, म्हणजे ज्याच्याकडे कार नाही तोही भरतो. मला हे पटत नाही.

आणि सगळ्यात जास्त काळजी वाटते ती विदर्भ ते गोवा अशा शक्तिपीठ महामार्गाची. जून 2025 ला कॅबिनेटने 20,787 कोटी मंजूर केले, त्यातले 12,000 कोटी जमिनीसाठी, हे हुडको या केंद्र सरकारच्या कर्ज देणाऱ्या कंपनीचं कर्ज, आणि 8,787 कोटी व्याज. रस्त्याचं काम यात नाहीच, पूर्ण प्रकल्प तेव्हाच्या अंदाजाने 86 हजार कोटींचा होता. वित्त विभागानेच त्यावेळी कर्जाच्या बोज्याबद्दल शंका घेतली होती. रस्ता नको असं माझं म्हणणं नाही, विदर्भातून गोव्यापर्यंत चांगला रस्ता झाला तर हवाच आहे. पण आमच्यासारख्यांची जुनी बिलं अडकलेली असताना आधी ती भागवावीत आणि अर्धवट कामं पुरी करावीत, कारण अर्धवट पुलाला आणि खोदून ठेवलेल्या रस्त्याला कुठल्याही बँकेचं कर्ज मिळत नाही, त्याला बजेटच लागतं.