'राजीनामा', 'शिक्षा' असे शब्द हिंदीत एक आणि मराठीत दुसरंच का सांगतात?

शब्द ज्या कामाला जुंपला जातो, तोच त्याचा अर्थ होतो. 'राजीनामा' घ्या. मूळ फारसी, राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लेख. हिंदीत तो संमतीचाच राहिला, कोर्टातली तडजोड. इकडे मुंबई इलाख्यात रयत जमीन सोडताना राजीनामा लिहून द्यायची आणि नवा खातेदार कबुलायत, म्हणजे जमीन घेतल्याची लेखी कबुली. जमिनीवरून शब्द खुर्चीवर आला असावा, हा माझा अंदाज. कन्नडमध्येही 'राजीनामे' म्हणजे पद सोडणंच. त्यामुळे जतचा कन्नड बोलणारा सांगलीत अडत नाही, लखनौचा पाहुणा अडतो. 'शिक्षा'चंही तेच: हिंदीत शिक्षण, मराठी-कन्नडमध्ये दंड. (शाळेत दोन्ही मिळायचं, ते सोडा.) आणि हिंदी अर्जात 'चेष्टा' दिसली तर रागावू नका, तिकडे तो प्रयत्न असतो.