तेल-तूप पूर्ण बंद केलं तरी फॅटी लिव्हर कमी का होत नाही?

कारण लिव्हरमधली चरबी फक्त खाल्लेल्या तेलातून येत नाही हो, साखरेतूनही लिव्हर स्वतः चरबी बनवतं. आपली साधी साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज नि अर्धं फ्रुक्टोज, त्यातलं ग्लुकोज सगळं शरीर वापरतं पण फ्रुक्टोजचा बराचसा भार लिव्हरवरच पडतो, आणि ते जास्त झालं की त्याची चरबी होऊन तिथेच साठते. माझ्या काकांनी वर्षभर भाजी बिनतेलाची खाल्ली, पण दिवसाला पाच कप गोड चहा आणि वर बाटलीतलं ज्यूस चालूच! गूळ-मधाचंही तेच आहे, नैसर्गिक म्हणून सूट नाही. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ३० ग्रॅम साखर असते, ते आधी बंद करा. अख्खं फळ मात्र खा, त्यात फायबर असतं.

आता फॅट. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात २०१४ च्या एका प्रयोगात तरुणांना ७ आठवडे रोज जास्तीचे मफिन खायला दिले, काहींना पाम तेलाचे, काहींना सूर्यफूल तेलाचे. वजन दोघांचं सारखंच वाढलं, पण लिव्हरमधली चरबी पामवाल्यांचीच जास्त वाढली. म्हणून वनस्पती तूप, खारी, बेकरीची बिस्किटं, पाम तेलातलं फरसाण टाळा, घरच्या भाजीला शेंगदाणा किंवा करडई तेल मोजून चालेल. वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के हळूहळू उतरवा, लिव्हरची सूज पण कमी होते. दारू घेत असाल तर डॉक्टरांना खरं सांगा.