रोज नवा विषय नको, एकच विषय सात दिवस

पत्र: ताई, मी इचलकरंजीत राहतो, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभरापासून संध्याकाळी सहा ते दहा एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजींच्या हाताखाली काम करतो. मला लिहायचं आहे. मोबाइलवर ‘365 दिवस, 365 प्रॉम्प्ट’, म्हणजे रोज लिहायला एक नवा विषय, अशी यादी मिळाली. 1 जानेवारीला नवी वही घेऊन बसलो. अकरा दिवस लिहिलं, मग खंड पडला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पडला. अशा चार वह्या झाल्या. वडील म्हणतात, लेखनावर पोट भरत नाही, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कर. माझ्यात सातत्यच नसेल तर हा नाद सोडून द्यावा का? सोबत वहीच्या काही पानांचे फोटो पाठवतोय.

प्रिय मित्रा,

तुझी पानं मी आधी वाचली आणि पत्र नंतर. त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं उत्तर पत्राच्या आधीच सापडलं होतं.

तिसऱ्या दिवसाचा विषय होता: ‘बर्फानं झाकलेल्या गावात रात्री कुणीतरी दार ठोठावतं.’ तू नऊ ओळी लिहिल्यास. बर्फ पांढरा आहे, वारा बोचरा आहे, पुढे काही नाही. सातव्या दिवशी ‘आयुष्यातला सर्वांत आनंदाचा क्षण’, तिथे सहा ओळी. आणि नवव्या दिवशी ‘बंद पडलेली वस्तू’ हा विषय आला, तर तू दीड पान लिहिलंस. लाइट गेली की सगळे माग एकदम थांबतात, पण माणसं मात्र पुढची दोन-तीन मिनिटं सवयीनं ओरडूनच बोलत राहतात, आणि मग एकेकाच्या लक्षात येतं की आता आवाज खाली घेतला तरी चालेल. हे तू लिहिलं आहेस. मी ते दोनदा वाचलं. इचलकरंजीच्या बाहेरच्या माणसाला हे सुचणार नाही, आणि आतल्या माणसानंही मुद्दाम थांबून पाहिलं नसेल तर सुचणार नाही.

दहाव्या दिवशी यादीनं तुला विषय दिला: ‘तुम्ही परग्रहावर उतरलात.’ अकराव्या दिवशी चार ओळी. बाराव्या दिवशी वही बंद.

तुझ्यात सातत्य नाही हे मला मान्य नाही. दिवसभर कॉलेज करून संध्याकाळी सहाला कारखान्यावर हजर होणारा मुलगा वर्षभर हे करतोय, त्याला सातत्य शिकवायची गरज नाही. तुझी अडचण वेगळी आहे. ती यादी तुला रोज नव्यानं पहिल्या पायरीवर उभं करते. नवव्या दिवशी तुझ्या हाताला काहीतरी लागलं होतं, आणि दहाव्या दिवशी यादीनं ते काढून घेतलं.

प्रॉम्प्ट हा शब्द नवा असला तरी ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. समस्यापूर्ती हा प्रकार तू ऐकला असशील: एकानं श्लोकाचा शेवटचा चरण द्यायचा आणि कवीनं वरचे तीन रचायचे. भोजराजाच्या दरबारातली म्हणून एक आख्यायिका संस्कृतचे शिक्षक हमखास सांगतात. दिलेला चरण होता ‘ठाठं ठठं ठं ठठठं ठठं ठः’. अर्थ शून्य, नुसता आवाज. कवीनं तो असा पुरा केला की राज्याभिषेकाच्या वेळी एका तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला आणि जिन्यावरून गडगडत खाली गेला, त्याचा हा आवाज. मुलांना मी ही गोष्ट नेहमी सांगते, कारण विषय देणारा किती देतो आणि लिहिणाऱ्याला किती आणावं लागतं हे त्यात स्वच्छ दिसतं. समोरून फक्त ‘ठठं’ आलं. हात, घडा आणि जिना कवीनं आणला. तुझ्या बर्फाच्या गावात तुझ्याजवळ आणायला काहीच नव्हतं, म्हणून नऊ ओळींत पान संपलं.

दहावीच्या मराठीच्या पेपरातही तू हेच केलं आहेस. मुद्द्यांवरून कथा, अपूर्ण कथा पूर्ण करणं, एखाद्या वस्तूचं आत्मकथन, हे सगळे प्रॉम्प्टच होते. त्या सरावानं एक सवय मात्र अशी लावली की अजून तुझ्या पानांत दिसते: प्रत्येक मजकुराच्या शेवटी तू तात्पर्य लिहितोस. मागाच्या त्या सुंदर पानाखालीही ‘म्हणूनच जीवनात शांततेला महत्त्व आहे’ असं एक वाक्य आहे. ते खोडून टाक. शाळेत त्याला गुण मिळत असतील. इथे ते वाक्य तू पाहिलेलं सगळं झाकून टाकतं.

बरीच वर्षं मी दर शनिवारी कॉलेजच्या मुलांचा एक लेखनगट घेत आले आहे. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत चिठ्ठ्या असतात, एक काढायची आणि सगळ्यांनी त्यावर लिहायचं. सुरुवातीला मी मोठे विषय लिहून ठेवायची: घर, आई, पाऊस, मैत्री. ‘घर’ ही चिठ्ठी निघाली तेव्हा सगळ्यांनी जवळपास एकच मजकूर लिहिला; घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत, वगैरे. पुढच्या शनिवारी मी लिहिलं, ‘तुमच्या घरातली नीट न लागणारी कडी’. त्या दिवशी एकीनं मोरीच्या दाराला बांधलेल्या दोरीबद्दल लिहिलं, एकानं वडील गेल्यावर कडी दुरुस्त करायला कुणी बोलावलंच नाही त्याबद्दल, आणि एका मुलीनं हॉस्टेलच्या खोलीबद्दल असं लिहिलं की ऐकताना आम्ही सगळे गप्प झालो. विषय जितका लहान आणि हाताला लागणारा, तितकं त्यातून जास्त निघतं. तेव्हापासून बरणीत मोठा शब्द टाकायला मी मनाई केली आहे.

तर आता काय करायचं ते सांगते. मोबाइलवरची यादी बाजूला ठेव. फेकून देऊ नकोस. त्यातला विषय आवडला तर आपल्या गावात आणून घे. दार ठोठावणारा अनोळखी माणूस तुझ्याकडेही येतो: रात्री पावणेदहाला, हिशोब मिटवून दिवा मालवताना, उचल मागायला. त्याच्यावर लिही. नव्या चिठ्ठ्या मात्र कारखान्यातूनच जमव. कानावर पडलेलं अर्धवट वाक्य, कुणाच्या डब्यातली भाजी, हजेरीच्या वहीत खोडलेलं नाव, मागासाठी सुताची कांडी भरणारी बाई एका हातानं काम चालू ठेवून दुसऱ्या हातानं लेकीशी फोनवर बोलते तो क्षण. खिशात छोटी डायरी ठेव आणि दिवसाला एक ओळ टिप. ती ओळ म्हणजे लेखन नाही, ती चिठ्ठी आहे.

रविवारी त्यातली एक निवड आणि आठवडाभर तीच चालव. हा माझ्या सांगण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. पहिल्या दिवशी जे दिसलं ते जसंच्या तसं लिही. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग समोरच्या माणसाच्या तोंडून लिही. उचल मागणारा तुझ्याकडे कसं पाहत असेल? तिसऱ्या दिवशी फक्त संवाद, एकही वर्णन नको. चौथ्या दिवशी त्या प्रसंगाच्या एक तास आधीचं काहीतरी. पाचव्या दिवशी बहुतेक कंटाळा येईल, आणि त्या दिवशी लिहिलेलं मला सर्वांत आधी वाचायला आवडेल, कारण मनातलं तयार सामान तोवर संपलेलं असतं आणि खरं पाहणं तिथून सुरू होतं. सहाव्या दिवशी पाचही पानं वाचून जिवंत वाटतात त्या वाक्यांखाली रेघ मार. सातव्या दिवशी त्या रेघांमधून एक पान नव्यानं लिही. ते पान तुझं.

वेळ रोज दहा मिनिटं, घड्याळ लावून, हातानं, वहीत. लिहिताना खोडायचं नाही, मागे जाऊन वाचायचं नाही. दहा मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी थांब. अर्धं वाक्य दुसऱ्या दिवशी तुला परत बसवतं, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. कारखान्यातून घरी आल्यावर जेवणाआधी बस. जेवल्यावर झोप जिंकते. एखादा दिवस चुकला तर त्याची भरपाई करू नकोस आणि नवी वहीही घेऊ नकोस. त्याच वहीत, त्याच पानावर, खाली तारीख टाकून पुढे चालू. चार वेळा नवी वही घेऊन तू चार वेळा स्वतःला नापास ठरवलं आहेस.

आणखी एक. हल्ली मुलं मोबाइलवरच्या एआयला विषय विचारतात आणि मग त्याच्याकडूनच लिहूनही घेतात. विषय विचारायला माझी हरकत नाही. पण ती दहा मिनिटं दुसऱ्याला देऊ नकोस. लाइट गेल्यावर ओरडत राहणारी माणसं तिथे उभं राहून पाहणारा तू एकटा आहेस.

आता वडिलांच्या काळजीबद्दल. ती चुकीची नाही आणि तिच्याशी भांडू नकोस. बी.कॉम. पूर्ण कर. मराठीत फक्त कथा-कादंबऱ्या लिहून घर चालवणारे फार थोडे आहेत, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण लिहिता येणं ही कमाईची गोष्ट आहे. वृत्तपत्रं, जाहिरात संस्था, मालिकांचे संवाद, ऑडिओ कार्यक्रमांच्या संहिता, अनुवाद, सबटायटल्स, बँका आणि कंपन्यांचा मराठी मजकूर, या सगळ्या ठिकाणी वेळेत, नेमकं आणि सांगितलेल्या विषयावर लिहिणारा माणूस लागतो. दिलेल्या विषयावर दहा मिनिटांत कामाला लागता येणं हे तिथलं रोजचं काम आहे. वडिलांना हेही सांग की यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर 250 गुणांचा असतो, तीन तासांत दोन निबंध, आणि तो मराठीतून लिहिता येतो. विषय बहुतेक वेळा एका ओळीचा असतो. वहीतली दहा मिनिटं त्या अभ्यासाच्या आड येत नाहीत.

येत्या वर्षभरात लेखन लोकांसमोर न्यायचं असेल तर कॉलेजच्या वार्षिकांकापासून सुरुवात कर, आणि शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी तुमच्या संघाला लघुनाटिका लागेल तेव्हा पुढे हो. तुझ्या मागाच्या पानात लघुनाटिका दडलेली आहे. अंधार, अचानक शांतता आणि ओरडणारी माणसं, रंगमंचाला आणखी काय हवं? दिवाळी अंकांची परंपरा 1909 साली ‘मनोरंजन’पासून सुरू झाली आणि आजही अनेक अंक नव्या लेखकांचं साहित्य घेतात, मात्र ते दिवाळीच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच पाठवावं लागतं. पुढे कधी पुस्तकाइतकं लेखन जमलं तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहून ठेव, ती पहिल्या पुस्तकांसाठीच आहे. पण ही घाई आत्ता नको.

या रविवारची चिठ्ठी मी देते, त्यानंतरच्या तुझ्या. तुझ्या सातव्या फोटोत, पानाच्या कडेला, तू पेन्सिलीनं लिहिलं आहेस: ‘दिवाणजी आज चष्मा विसरले, आकडे मी वाचून दाखवले.’ पुढे काहीच नाही. सात दिवस तेवढ्यावरच लिही. सातव्या दिवसाचं पान मला पाठव, आणि पाचव्या दिवसाचंही, ते कितीही कच्चं असलं तरी.

तुझी,
ताई