कॉकनी म्हणजे कोंबड्याचं अंडं

प्रश्न असा आला आहे: इंग्रजी मालिकेतला उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरचा मेंढपाळ जे बोलतो त्याला 'कॉकनी' म्हणावं का, आणि मराठीत 'गावठी इंग्रजी' म्हटलं तर चालेल का?

नाही आणि नाही. बातम्या वाचणाऱ्यासारखं जे नाही ते सगळं कॉकनी, हे आता ऐकवत नाही. कॉकनी ही लंडनच्या, त्यातही पूर्व भागातल्या कामकरी वस्तीची बोली. तिथे 'थ्री'चं 'फ्री' होतं, 'ब्रदर'चं 'ब्रवर' आणि 'बॉटल'मधला ट घशातच अडकतो. 'हाउस'मधला ह गळला म्हणून लगेच कॉकनी ठरवू नका, तो यॉर्कशायरातही गळतो. 'कप' आणि 'बाथ' हे दोन शब्द ऐका. यॉर्कशायरवाला 'कुप' आणि 'बॅथ' म्हणेल. कॉकनी 'बाफ' म्हणेल, पण त्यातला आ चांगला लांबवून.

'गावठी'चं खापर, मला संशय आहे, आपल्या 'ती फुलराणी'वर फुटायला हवं. पुलंची मंजुळा झकासच, पण शॉच्या ज्या 'पिग्मॅलियन' नाटकावरून ती बेतली, त्यातली मूळ फुलवाली लंडनच्या रस्त्यावरची आहे, गावाकडची नव्हे. आणि गंमत म्हणजे 'कॉकनी' ही मुळात खेड्यातल्यांनी शहरवाल्यांना घातलेली शिवी!

जुनं रूप 'कोकेने'. 'कोकेन' म्हणजे कोंबड्यांचं (षष्ठी, बहुवचन) आणि 'एय' म्हणजे अंडं. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, नुकती अंड्यावर आली की कधी कधी लिंबाएवढंही नसलेलं, आत बलकच नाही असं अंडं घालते. अंडनलिकेत पेशींचा एखादा तुकडा सुटतो आणि त्याच्याभोवती पांढरं नि कवच चढतं, म्हणून. असलं अंडं कोंबडीचं कसं असेल, कोंबड्यानेच घातलं असणार, असा लोकांचा तर्क. त्यावरून तळहाताच्या फोडासारखं जपलेलं नाजूक पोर, त्यावरून चिखलात पाय न घातलेला शहरी बाबू, आणि १६०० पर्यंत बो घंटांच्या आवाजात जन्मलेला लंडनकर.

(या घंटा लंडनमधल्या चीपसाइडच्या सेंट मेरी-ल-बो चर्चच्या. पूर्वेला बो नावाची वस्ती आहे, तिचा इथे संबंध नाही. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात घंटा गेल्या, पुन्हा वाजल्या १९६१ मध्ये. नियम अक्षरशः धरला तर मधली वीस वर्षं कॉकनींचा वंशच खुंटला.)

मिन्शू या कोशकाराने १६१७ मध्ये ठोकून दिलंय की लंडनच्या पोराने घोड्याचं खिंकाळणं ऐकलं, मग कोंबडा आरवताच 'कोंबडाही खिंकाळतो का?' असं विचारलं, म्हणून 'कॉक-ने' ('ने' म्हणजे खिंकाळणं). कोशात घालायची गोष्ट आहे का ही? 'लाड करणे' या अर्थाच्या 'कॉकर' क्रियापदावरून व्युत्पत्ती लावणाऱ्यांनी आधी मधला न कुठून आला ते सांगावं.

चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये 'कॉकनी' हा शब्द कोणाच्या तोंडी आहे? इंग्लंडच्या पार उत्तरेकडून आलेल्या जॉन नावाच्या विद्यार्थ्याच्या. आपली फजिती लोकांना कळली तर मला खुळा, 'कोकेने' म्हणतील, ही त्याची धास्ती. चॉसरने त्याला उत्तरेचे स्वरही दिलेत, 'होम'चं 'हाम'. म्हणजे बोलीचा हेल मुद्दाम पात्राला चिकटवण्याचा इंग्रजीतला हा अगदी सुरुवातीचा नमुना, आणि त्यातच हा शब्द!

आणि तो 'एय' गेला कुठे? उत्तरेत स्कँडिनेव्हियन लोकांबरोबर आलेल्या 'एग'ने त्याला खाल्लं. मुद्रक कॅक्स्टनने १४९० मध्ये लिहून ठेवलंय: वारा पडल्यामुळे थेम्सच्या मुखाशी अडकलेल्या व्यापाऱ्यांपैकी एकाने किनाऱ्यावरच्या बाईकडे 'एग्ज' मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. शेवटी दुसऱ्याने 'एय'चं अनेकवचन 'एयरन' म्हटलं, तेव्हा बाईला कळलं.