ह्यूस्टनला मुलाकडे जाताना

प्रश्न : मुलगा ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. आम्ही दोघं तीन महिने जाणार आहोत. गाडी चालवत नाही. भाजी आणायला, देवळात पायी किंवा बसने जाता येईल का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : बहुतेक वेळा नाही, आणि हे मुलाशी निघण्याआधीच बोलून घ्या. केटीहून डाउनटाउन ४५ किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जळगावहून भुसावळला जाऊन परत येण्याइतकं. वस्ती मात्र मध्ये कुठे तुटत नाही. नोकरदारांच्या गर्दीत, सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी चार ते साडेसहा, याच वाटेला दुप्पट वेळ लागू शकतो. देऊळ आणि किराणा एकाच फेरीत, सकाळी दहानंतर ठेवा. हिलक्रॉफ्ट रस्त्यावरचा महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट भारतीय किराण्यासाठी सोयीचा आहे.

केटीकडून डाउनटाउनला जाणाऱ्या पार्क अँड राइड (गाडी थांब्यावर लावून पुढे बसने जायचं) बस मुख्यतः नोकरदारांसाठी आहेत. त्यांच्या थांब्यापर्यंतही कुणीतरी गाडीने सोडावं लागतं. शहरातल्या साध्या मेट्रो बसचं भाडं १.२५ डॉलर आहे. ड्रायव्हर सुटे देत नाही, नेमकी रक्कम जवळ ठेवा.

पायी चालताना पदपथ मध्येच संपतो. सिग्नलला खांबावरचं बटण दाबल्याशिवाय अनेक ठिकाणी चालण्याची खूण लागतच नाही. टेक्सासमध्ये लाल दिव्यालाही थांबून उजवीकडे वळता येतं आणि त्या चालकाची नजर डावीकडून येणाऱ्या गाड्यांवर असते. त्याची नजर तुमच्याकडे वळल्यावरच पाऊल टाका.

मे महिन्यातलं जळगाव सोसलेल्यांनाही तिथला उन्हाळा जड जातो. आपल्याकडे हवा कोरडी, घाम लगेच उडतो. तिथे समुद्राची दमट हवा असल्याने घाम अंगावरच राहतो आणि शरीर निवत नाही. ऑक्टोबर ते मार्च हा काळ निवडता आला तर फारच बरं. उन्हाळ्यात गेलात तर फेरफटका मॉलमध्ये मारा.

प्रश्न : माझ्याकडे चारचाकीचा परवाना आहे. तिथे चालवावं का? रस्त्यांची जाळी पाहूनच भीती वाटते. – एक वाचक, शिरपूर

उत्तर : आधी कागद. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत लागते, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ परवानाही सोबत हवा. मुलाची गाडी चालवणार असाल तर तिच्या विम्यात तुमचं नाव चालतं का, हे त्याने विमा कंपनीला विचारलंच पाहिजे. याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं.

जाळी दिसते तेवढी अवघड नाही. ६१० हे आतलं कडं, म्हणजे शहराभोवतीचा गोल रस्ता, त्याबाहेर बेल्टवे ८, सर्वांत बाहेर ग्रँड पार्कवे. या कड्यांना छेदून आय-१०, आय-४५ आणि आय-६९ हे फ्रीवे, म्हणजे सिग्नल नसलेले मोठे महामार्ग, बाहेर जातात. घोटाळा नावांनी होतो : आय-१० च्या पश्चिम भागाला लोक केटी फ्रीवे म्हणतात, आय-४५ च्या दक्षिण भागाला गल्फ फ्रीवे. दोन्ही लक्षात ठेवा. एक्झिटचे, म्हणजे फ्रीवेवरून उतरायच्या वाटांचे, आकडे मैलांवरून दिलेले असतात, त्यामुळे ७५० आणि ७६० मध्ये साधारण १० मैल, म्हणजे १६ किलोमीटर. उतरायचा आकडा दोन मैल शिल्लक असतानाच उजव्या लेनकडे सरकायला लागा. केटी फ्रीवे काही ठिकाणी फीडर, म्हणजे त्याच्या कडेने समांतर जाणारे रस्ते, धरून २६ लेनचा आहे, शेवटच्या क्षणी आडवं जाणं तिथे जमत नाही.

फ्रीवेवर चढताना रॅम्पच्या, म्हणजे चढायच्या वाटेच्या, टोकाला थांबू नका. नवखे लोक घाबरून तिथेच थांबतात आणि मागून धडक बसते. रॅम्पवरच वेग वाढवायचा, इंडिकेटर द्यायचा, खांद्यावरून मागे बघायचं आणि चालत्या रांगेच्या वेगाने आत शिरायचं. ६५ मैलांचा वेग म्हणजे ताशी १०५ किलोमीटर.

एक्झिट चुकला तर मागे गाडी घेऊ नका. पुढच्या एक्झिटने फीडरवर उतरा आणि डावीकडच्या टोकाची लेन धरा. बऱ्याच चौकांत ती सिग्नलविना पुलाखालून वळवून उलट दिशेच्या फीडरवर आणते. फीडरवर असताना फ्रीवेवरून उतरणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा तिथला कायदा आहे.

पुलाखालच्या खोलगट रस्त्यात पाणी साचलं असेल तर आत घालू नका. शहर सपाट आहे, पाणी हळू निचरतं, आणि रात्री खोली कळत नाही.