सिंहगड-लिंगाणा करणाऱ्याला मॅटरहॉर्न जमेल का?

सिंहगड नेहमीचा, लिंगाणाही झालाय, तर पुण्यात राहून स्वित्झर्लंड-इटली सीमेवरच्या मॅटरहॉर्न शिखराची तयारी होईल का, असं विचारलंय. होईल. पण लिंगाण्याच्या भरवशावर जाऊ नका.

लिंगाण्याला पुढच्यांनी दोर लावलेला असतो, नंबर येईपर्यंत आपण चिक्की खात बसतो, वरून बिले (पडलो तर सावरायला वरच्याने धरलेला दोर) मिळतो आणि उतरताना रॅपलिंग, म्हणजे दोरावरून सरकत खाली. मॅटरहॉर्नच्या नेहमीच्या वाटेवर, हॉर्न्ली धारेवर, ही चैन नाही. ३,२६० मीटरवरच्या हटपासून (गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या घरापासून) ४,४७८ मीटरच्या माथ्यापर्यंत बाराशे मीटरची चढाई आहे. कातळ म्हणाल तर आपल्याकडचे कितीतरी कडे त्याहून अवघड. पण टप्प्याटप्प्याला बिले देत बसलात तर दिवस पुरायचा नाही. गाईड आणि तुम्ही आखूड दोराने एकमेकांना बांधून बराचसा भाग एकाच वेळी चढत राहता. ४,००३ मीटरवर सोल्वे हट, म्हणजे अडचणीतला छोटा निवारा, लागते. तिथवर पोचायला उशीर झाला तर गाईड बहुधा मागे फिरवतो.

आणि उतरायचं त्याच धारेने, जवळपास चढण्याइतकाच वेळ घेत. १८६५ च्या पहिल्या चढाईत सातही जण माथ्यावर पोचले होते. चौघांचा जीव गेला तो उतरताना.

म्हणून आतकरवाडीतून सिंहगड पाठीवर सॅक घेऊन दोनदा चढा-उतरा, मध्ये पिठलं-भाकरी नाही. थंडीत, कातळ कोरडा असताना, अनुभवी मित्राकडून वरून बिले घेऊन सोप्या कड्यावरून रॅपलिंग न करता हातापायांनी उतरा. जाड बूट घालूनच. माझ्या मते खरी तयारी हीच, आणि आपल्याकडे नेमकी हीच कोणी करत नाही.

बर्फ आणि विरळ हवा मात्र पुण्यात मिळणार नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे मॅटरहॉर्नच्या पायथ्याच्या झेरमाट गावाएवढीच! उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करा, क्रॅम्पॉनची (बर्फासाठी बुटांना बांधायच्या खिळ्यांची) सवय तिथे होईल.

हेल्मेट हवंच. खडक धरून ठेवणारा बर्फ वितळतोय. २००३ च्या उन्हाळ्यात दरड कोसळून ही वाट बंद ठेवावी लागली होती.

बुकिंग करताना दोन-चार दिवस जास्तीचे धरा. हवामानाचा भरवसा नाही, शिवाय गाईड आधी जवळच्या रिफेलहॉर्न किंवा ब्राइटहॉर्न शिखरावर नेऊन तुम्हाला पारखून घेतात.